सुईची सुरक्षितता आणि आपले दफ्तर



थॅलेसेमियाचे एक मूल घरी असताना पुन्हा दिवस गेलेली स्त्री जेव्हा आपल्यासमोर येऊन बसते, तेव्हा वारेचा नमुना कोणत्या मार्गाने काढतात याविषयी तिला फारसे कुतूहल नसते, “डॉक्टर, बाळाला काही होणार नाही ना?” एवढाच तिचा सवाल असतो, आणि त्याला आपण जे उत्तर देतो ते कोणाच्या अनुभवावर विसंबून देतो, याची चौकशी आज आपणच आपली करावी, अशी माझी विनंती आहे.

डेन्मार्कमध्ये ४,६०६ स्त्रियांचे यदृच्छेने दोन गट पाडून गर्भजल तपासणीचे जे परीक्षण झाले आणि १९८६ साली प्रसिद्ध झाले, त्यात गर्भजल काढलेल्या गटात गर्भपाताचे प्रमाण १.७ टक्के आणि दुसऱ्या गटात ०.७ टक्के भरले. या दोहोंतला शंभरात एक हा फरक पुढे कित्येक वर्षे समुपदेशनात मुक्काम ठोकून राहिला. सोनोग्राफी सुधारली, हात बसले, आणि अलीकडच्या एकत्रित अभ्यासांत हा जादा धोका अर्ध्या टक्क्याच्याही खाली उतरलेला दिसतो.

सुईहून घातक ठरली ती घाई. निदान लवकर व्हावे ही इच्छा रास्तच, कारण गर्भ पाडावयाचाच झाला तर तो लवकर पाडण्यात स्त्रीच्या देहाचे आणि मनाचे क्लेश कमी असतात. परंतु १९९१ साली ऑक्सफर्डहून जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात शेवटच्या पाळीपासून ५६ ते ६६ दिवसांत वारेचा नमुना घेतलेल्या २८९ गर्भधारणांपैकी ५ बालकांच्या हातापायांत गंभीर वैगुण्य आढळले होते. १९९८ साली कॅनडातील परीक्षणाने अकराव्या-बाराव्या आठवड्यांतील गर्भजल तपासणीचाही निकाल लावला: वाकड्या पावलांचे प्रमाण १.३ टक्के, तर नेहमीच्या वेळी केलेल्या तपासणीनंतर ०.१ टक्के. म्हणून वारेला दहा आणि गर्भजलाला पंधरा आठवडे पुरे होण्यापूर्वी हात लावू नये, हा दंडक पडला. रुग्णाच्या नातलगांच्या निकडीपुढे तो वाकविणारे आपल्यात कोणी नसावेत, अशी मला आशा आहे. (खात्री आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही.)

गर्भलिंगनिदानासाठी होणाऱ्या या तपासण्यांच्या दुरुपयोगाला आळा घालण्यासाठी देशात पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ साली केला, आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्याने तपासणीचे सर्व ज्ञात दुष्परिणाम स्त्रीला समजावून, तिला कळणाऱ्या भाषेत लेखी संमती घेण्याचे बंधन घातले. संमतिपत्राचा तो नमुना आपण भरतो, सही घेतो, प्रत देतो. पण त्यातले ‘ज्ञात’ म्हणजे कोणाला ज्ञात? वर्षाकाठी चाळीस तपासण्या करणारा वैद्य “माझ्या हातून एकही गर्भ गेला नाही” असे अभिमानाने सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. मात्र चाळिसांत शून्य या हिशेबावरून, त्याच्या तपासण्यांनंतर गर्भपाताचे प्रमाण सात टक्क्यांपर्यंत असण्याचीही शक्यता गणिताला नाकारता येत नाही. शिवाय तपासणीनंतर गावी परतलेल्या स्त्रीचे पुढे काय झाले, हे त्याने विचारलेले असतेच असे नाही.

यास्तव माझी सूचना अशी आहे की, प्रत्येक केंद्राने आठवडा, सुईची जाडी, किती वेळा सुई घालावी लागली आणि प्रसूतीपर्यंतचा वृत्तांत यांची नोंद ठेवावी, तिच्यातून स्त्रीचे नाव-गाव वगळावे, आणि सर्व केंद्रांची बेरीज या परिषदेच्या दफ्तरी दरसाल दाखल व्हावी. तपासणीनंतर गेलेला प्रत्येक गर्भ सुईनेच गेला असे नव्हे, हे मी जाणतो. परंतु तो हिशेब बेरीज हाती आल्यावर करता येईल. ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर मोकळेपणाने, आणि शक्यतो आपापल्या नोंदवह्या समोर ठेवून, चर्चा व्हावी.