काचेच्या पेटीबाहेरची आई



कार्यकर्ते म्हणून आपण जिल्हा रुग्णालयात वारंवार जातो. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षाबाहेर, भिंतीला टेकून बसलेली ओली बाळंतीण आपण पाहिलेली असते. तिचे मूल आत काचेच्या पेटीत आणि ती बाहेर. दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यावयाचे आणि दार उघडले की ‘माझे बाळ कसे आहे?’ एवढे विचारावयाचे. तिला झोप येत नाही, ती एकाएकी रडू लागते. मग ‘धीर धर’ असे सांगून आपण मोकळे होतो.

हा तिच्या मनाचा दुबळेपणा आहे काय? मुळीच नाही. मूल अपुऱ्या दिवसांचे झाले याचा दोष ती स्वतःला देते आणि सासरची माणसे त्यात भर घालतात. तिच्या अंगातील रक्त कमी होते, दिवस भरत आले तरी ती मजुरीला जात होती, याचा हिशेब मात्र कोणीच मांडत नाही. आजारी नवजात अर्भकाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार देणारी योजना २०११ साली आली. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. परंतु शेतमजूर व घरकामगार स्त्रीपर्यंत ती पोहोचत नाही. तिचा आणि तिच्यासोबत आलेल्या नवऱ्याचा रोज बुडतो तो बुडतोच.

आईला आत घेतल्यास जंतुसंसर्ग वाढेल, असे सांगितले जाते. ही शंका प्रामाणिक आहे. पण अनुभव निराळा आहे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एदगार रे यांनी कमी वजनाची मुले आईच्या उराशी ठेवण्यास प्रारंभ केला. पुढे भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने चाचणी झाली. आई व मूल जन्मापासून एकाच कक्षात राहिल्यास कमी वजनाच्या अर्भकांचे मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटतात, असा तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. मातापित्यांना शुश्रूषेत सहभागी करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारनेही २०१७ मध्येच काढली आहेत.

तेव्हा आपली मागणी दयेची नव्हे, हक्काची असली पाहिजे. मुलाच्या पेटीशेजारी आईला खाट, दोन वेळचे जेवण, बुडालेल्या रोजाची भरपाई आणि मुलाची प्रकृती तिला दररोज समजेल अशा भाषेत सांगणारे माणूस, एवढे तरी मिळालेच पाहिजे. पुढच्या वेळी त्या व्हरांड्यात जाल, तेव्हा तिला धीर देण्यापूर्वी एवढेच विचारा : ‘बाई, तुम्हाला आत का जाऊ देत नाहीत?’ आणि तोच प्रश्न घेऊन रुग्णालयाच्या अधीक्षकांपुढे उभे राहा.