माळ पडीक नव्हे



बारामती-इंदापूर म्हटले की ऊस आणि कालवा डोळ्यांसमोर येतो. परंतु कालव्याच्या पाण्यापलीकडे, सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या बाजूस, जेथे वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे दूरवर माळ पसरला आहे. अशा जमिनीस आपण आजवर ‘पडीक’ म्हणत आलो. ती पडीक नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड, तरस आणि धाविक यांची वस्ती आहे. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यासाठीच घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे सव्वापाच चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे या प्राण्यांचा खरा संसार अभयारण्याबाहेरच, गायराने आणि वनजमिनी यांवर चालतो.

आपल्या हातून चूक झाली ती सद्‌हेतूने. उघडा माळ दिसला की आपण खड्डे खणले, चर काढले, गिरिपुष्पाची रोपे लावली. सावलीत मारवेल, पवन्या यांसारखी गवते खुरटली. धोका दुरून हेरून धावत सुटणाऱ्या चिंकाऱ्यास झाडी आडवी येऊ लागली. मेंढपाळाचा चाराही गेला. गिरिपुष्पाचा पाला मेंढी सहसा खात नाही. (वनमहोत्सवाच्या छायाचित्रात गवताचा ठोंब उठून दिसत नाही, ही अडचण मी जाणतो!)

माळ सावरण्याचे काम त्या मानाने साधे आहे. नवे खड्डे थांबवावेत, परकी झाडे हळूहळू काढावीत, स्थानिक गवताचे बी पेरावे आणि कुरणाचा एक भाग आळीपाळीने राखावा. मात्र राखण मेंढपाळाला विचारून व्हावी. त्याला हाकलून राखलेले कुरण फार दिवस टिकत नाही.

लांडग्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. येथे त्याचे पोट बव्हंशी शेळ्यामेंढ्यांवर भरते. गवत वाढले म्हणून तो उद्या वाडा सोडणार नाही. शासन नुकसानभरपाई देते, पण आज येथे तर उद्या दहा कोसांवर असणाऱ्या धनगराचा पंचनामा वेळेत होणे हीच खरी कसोटी. तलाठी, वनरक्षक आणि सरपंच यांनी एकत्र बसल्याशिवाय हे जमणार नाही.

वनविभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. माळ पाहावयास पाहुणे येतात, हे गावाला नवलच. शिक्षकांनी मुलांनाही तेथे न्यावे. दिवाळीच्या सुमारास, गवताचे बी पिकून गळू लागते तेव्हा.