पास्कल : कार्यालयातील पडद्यापासून वेबपर्यंत

(संगणक विभागातील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

सन १६४२ च्या सुमारास ब्लेझ पास्कल या फ्रेंच तरुणाने बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र बनविण्यास आरंभ केला. त्याचे वडील रूआं येथे करविषयक कामाचे अधिकारी होते. त्यांचे आकडेमोडीचे कष्ट हलके करावेत, हा त्यामागील हेतू होता. पुढे १९७० साली स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी आपल्या नव्या संगणकभाषेला याच पास्कलचे नाव दिले. विद्यार्थ्यांना आज्ञावली शिस्तीने लिहिता यावी, हा त्या भाषेचा एक प्रमुख उद्देश होता. १९८३ मध्ये 'टर्बो पास्कल' आणि १९९५ मध्ये 'डेल्फी' आले. ही भाषा वर्गाबाहेर पडली आणि हिशेब, वेतन, साठा अशा दैनंदिन कामांत रुजली.

अशा जुन्या आज्ञावली आजही अनेक ठिकाणी चालू आहेत. परंतु त्या एका खोलीतील संगणकापुरत्या बांधलेल्या असतात आणि नागरिकाला तर आपली माहिती घरबसल्या हवी असते. मग जुने सारे टाकून द्यावे काय? माझे उत्तर असे की, नियम जपावेत आणि पडदा बदलावा.

पाणीपट्टीचे उदाहरण घेऊ. वापराचे टप्पे, सवलत, थकबाकी व तिच्यावरील व्याज, हे सारे नियम जुन्या आज्ञावलीत बहुधा पडद्यावरील एका बटनाच्या मागे लिहिलेले आढळतात. वेबवर ते बटनच राहत नाही. म्हणून पहिले काम हे की, आकारणीचे नियम तेथून काढून एका स्वतंत्र 'क्लास'मध्ये ठेवावेत. त्याने वापर व थकबाकी घ्यावी आणि रक्कम सांगावी. पडद्याची त्याला ओळखही नसावी. त्यानंतर जुन्या देयकांचे आकडे त्यातून पुन्हा काढून ताडून पाहावेत. पैशापैशाचा मेळ बसल्यावाचून पुढे जाऊ नये.

यानंतर फ्रेमवर्कची, म्हणजे तयार सांगाड्याची, पाळी येते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'फ्री पास्कल' या विनामूल्य संकलकासोबत 'एफसीएल-वेब' हा संच मिळतो. त्यातील तयार वेब-मॉड्यूलपासून आपण आपला क्लास निर्माण करतो. नागरिकाची मागणी एका ऑब्जेक्टच्या रूपाने हाती येते आणि उत्तर दुसऱ्या ऑब्जेक्टमध्ये भरावयाचे असते. मागणीची फोड करणे, उत्तराचे शीर्षभाग तयार करणे इत्यादी कामे वारसाहक्काने आयती मिळतात. 'मॉरमॉट' हे फ्रेमवर्क आणखी पुढे जाते. डेटाबेसमधील नोंदी ते ऑब्जेक्टच्या रूपात हाताळते व जेसॉन स्वरूपात पाठविते. पास्कलची आज्ञावली थेट यंत्रभाषेत संकलित होत असल्याने ती साध्या सर्व्हरवरही वेगाने चालू शकते.

मात्र तीन गोष्टींचे भान अवश्य ठेवावे. पहिली, एका टेबलावरील आज्ञावली एका वेळी एकाच माणसाची सेवा करते, तर सर्व्हर एकाच वेळी अनेकांची. चालू ग्राहकाचे नाव सार्वत्रिक चलात ठेवण्याची जुनी सवय येथे घातक ठरते, कारण एकाचे देयक दुसऱ्यासमोर उघडू शकते. दुसरी, पास्कलमध्ये निर्माण केलेला ऑब्जेक्ट सामान्यतः आपणच मोकळा करावा लागतो. दिवसाअखेर बंद होणाऱ्या आज्ञावलीत ही चूक झाकली जात असे. महिनोन्महिने अखंड चालणाऱ्या सर्व्हरवर तीच चूक स्मृती व्यापून टाकते. म्हणून 'ट्राय-फायनली' हा नेम मोडू नये. तिसरी, नागरिकाने भरलेला मजकूर डेटाबेसच्या आज्ञेत थेट जोडू नये, तो नेहमी स्वतंत्र पॅरामीटर म्हणून द्यावा. अन्यथा कोणीही खोडसाळ मजकूर भरून संपूर्ण नोंदवहीत हात घालू शकेल.

मित्रहो, या साऱ्या खटाटोपाचे फळ काय? दर बदलले की दुरुस्ती एकाच ठिकाणी होईल. खिडकीसमोर उभ्या असलेल्या वृद्धाला आणि घरी फोन हाती घेतलेल्या त्याच्या नातीला देयकाची एकच रक्कम दिसेल. शासनाच्या आकड्यावर नागरिकाचा विश्वास बसतो तो अशा एकवाक्यतेमुळेच, आणि ती राखण्याचे काम आता आपल्या हाती आहे.