नायट्रस ऑक्साइड : केवळ ज्वाळेला मिळणारा प्राणवायू

मोटारीची शक्ती पेट्रोलावर अवलंबून असते असा सर्वसाधारण समज असला, तरी ती प्रत्यक्षात ठरते इंजिनाला किती हवा आत ओढता येते यावर. कारण पेट्रोल हवे तेवढे सोडता येते, पण ते पुरते जाळायला वजनाने त्याच्या सुमारे १४.७ पट हवा लागते आणि त्या हवेत प्राणवायू असतो जेमतेम २३ टक्के. दोन लिटर क्षमतेचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना, त्याचे सिलिंडर प्रत्येक खेपेस पूर्ण भरतात असे धरले, तर ते मिनिटाला ६००० लिटर, म्हणजे सुमारे ७ किलो हवा ओढते आणि तिच्यातून त्याच्या वाट्याला साधारण १.६ किलो प्राणवायू येतो. टर्बोचार्जर ही मर्यादा हवा दाबून भरून ओलांडतो, तर नायट्रस ऑक्साइड ती ओलांडतो प्राणवायू दुसऱ्या रूपात आत नेऊन.

या वायूच्या रेणूत नायट्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, त्यामुळे वजनाने त्यातला सुमारे ३६ टक्के भाग प्राणवायूचा भरतो. जोसेफ प्रीस्टली याने १७७२ मध्ये हा वायू प्रथम तयार केला, तेव्हा त्यात मेणबत्ती अधिक मोठ्या ज्योतीने जळते, उंदीर मात्र मरतो, हे त्याच्या ध्यानात आले; आणि पुढे हम्फ्री डेव्हीच्या १८०० मधील ग्रंथामुळे हसवणारा वायू म्हणून जी कीर्ती पसरली, तिच्यापेक्षा इंजिनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हेच निरीक्षण. शरीराच्या उष्णतेने या रेणूची फूट होत नाही, ज्वाळेच्या उष्णतेने होते. म्हणूनच हा वायू बाटलीत निमूट पडून राहतो आणि सिलिंडरातील भडक्यातच आपला प्राणवायू मोकळा करतो. शुद्ध ऑक्सिजन वापरला, तर ज्वलन आवरणे फार कठीण होते. येथे सुटणारा नायट्रोजन त्याला काहीसा लगाम घालतो.

नायट्रस हे स्वतः इंधन नव्हे, ते पेटत नाही, हे म्हणणे खरे असले, तरी त्याची स्वतःची भर शून्य असते असे जे पुढे जोडले जाते ते बरोबर नाही. एक किलो नायट्रस फुटताना सुमारे १.९ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते आणि त्यातून सुटलेल्या प्राणवायूत जे शंभरेक ग्रॅम पेट्रोल जळते ते आणखी सुमारे साडेचार मेगाज्यूल देते. म्हणजे मोठा वाटा पेट्रोलाचाच, पण वायूचा वाटाही नगण्य नाही.

बाटलीत हा वायू द्रवरूपात असतो आणि २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पन्नासपट असतो. नोझलमधून बाहेर पडताच द्रव उकळू लागतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश असल्याने नळीवर पांढरे हिमकण साचतात आणि आत येणारी हवा गार, म्हणून दाट होते. वायू स्वतः जागा अडवून काही हवा बाहेर ठेवतो, त्याची थोडीफार भरपाई या गारव्याने होते. मात्र ३६.४ अंशांवर हा पदार्थ कितीही दाबला तरी द्रवरूपात राहत नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात बाटलीतला दाब धोक्याच्या दिशेने चढतो; म्हणून बाटलीच्या झडपेला मर्यादेबाहेर दाब गेल्यास फुटून वायू सोडणारी चकती बसवलेली असते.

हा उपाय प्रथम मोठ्या प्रमाणावर कामी आला तो दुसऱ्या महायुद्धातील विमानांत. फार उंचावर हवा विरळ होऊन सुपरचार्जरही अपुरा पडू लागला, की जर्मन वैमानिक जीएम-१ या नावाची नायट्रसची यंत्रणा चालू करीत. ब्रिटिशांनीही मॉस्किटो विमानांत तसा प्रयोग केला. मोटारींच्या शर्यतींत ती पुढे आली, तेव्हा हिशेब तोच राहिला, फक्त वेळ कमी झाला : मिनिटाला दोन किलो या वेगाने वायू सोडला, तर सुमारे पाऊण किलो जादा प्राणवायू मिळतो, पण साडेचार किलोची बाटली सव्वादोन मिनिटांत रिकामी होते. म्हणूनच विजेवर उघडणारी सोलेनॉइड झडप अशी जोडतात, की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच ती उघडावी.

जादा पेट्रोल कोठून द्यायचे यावरून दोन पद्धती पडतात. ओल्या पद्धतीत वायूबरोबरच त्याच नोझलमधून पेट्रोल फवारले जाते. कोरड्या पद्धतीत फक्त वायू सोडतात आणि वाढीव पेट्रोल इंजिनाच्या मूळ इंजेक्टरांकडून घेतात. कोरडी पद्धत दिसायला सुटसुटीत, पण इंजेक्टर कमी पडले तर ती सर्वांत आधी दगा देते. शिवाय मिश्रण नेहमीपेक्षा जलद जळते, त्यामुळे ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. मेकॅनिकांचा ढोबळ हिशेब दर ५० अश्वशक्तीमागे दोन अंशांचा असतो. तेवढे केले नाही, तर मिश्रणाचा उरलेला भाग वेळेआधीच आपोआप भडकतो आणि धातूवर हातोडी पडल्यासारखा जो ठोका ऐकू येतो, त्यालाच नॉकिंग म्हणतात.

पेट्रोल कमी पडले, तर संकट बहुधा आवाज न करता येते, कारण प्राणवायू जादा आणि इंधन तोकडे अशा ज्वलनात उष्णता पिस्टनच्या माथ्यावर साठत जाते. जाणता मेकॅनिक अशा वेळी स्पार्क प्लग काढून भिंगाखाली धरतो, आणि त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके दिसले, की ते पिस्टनचेच आहेत हे ओळखून आधी बाटलीची तोटी बंद करतो.