'ग्राहक' म्हणजे नेमका कोण?

आधीच्या कंपनीत मी साधा रिपोर्ट काढला: एकूण ग्राहक किती? सेल्सचा आकडा वेगळा, बिलिंगचा वेगळा. मीटिंगमध्ये माझी पार वाट लागली.

कोड बरोबर होता हो! पण सेल्सच्या टेबलात नुसती चौकशी करणाराही ग्राहक, बिलिंगच्या टेबलात फक्त पैसे भरणारा.

पीटर चेन यांनी १९७६ मध्ये एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल मांडलं. त्यातले चौकोन आपण कॉलेजात परीक्षेपुरते काढतो. खरं काम चौकोनाच्या आधीचं: दोन्ही टीमना एकत्र बसवायचं, व्याख्या लिहून घ्यायची, ती सांभाळणारा एक माणूस ठरवायचा आणि प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदवायचा.

आम्ही तेच केलं. 'चौकशीदार' आणि 'ग्राहक' वेगळे झाले, आकडा जुळला.

उद्या ऑफिसात एवढंच विचारा: या शब्दाचा अर्थ कोणी ठरवला? भेटू पुढच्या भागात!