पेटी वाजवणारा हास्यकार



पनवेलच्या या रंगमंचावर आज गाणी होतील, नकला होतील, नाटुकलीही होतील. ही सगळी अंगं एकाच माणसात नांदलेली महाराष्ट्रानं पाहिली आहेत. तो माणूस म्हणजे पु. ल. देशपांडे.

८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मलेले पु. ल. पार्ल्यात वाढले आणि लहानपणीच पेटी शिकले. पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली, एम. ए. केलं, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवलं. पेटी मात्र सुटली नाही.

१९५३ साली 'गुळाचा गणपती' हा चित्रपट आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका, सारं पुलंचं! बालवाडीतली मुलं आजही ज्यावर नाचतात त्या 'नाच रे मोरा'ची चालही त्यांचीच. वाद्य आणि विनोद यांची सांगड त्याच वर्षी दूर देशीही बसत होती: डेन्मार्कचे पियानोवादक व्हिक्टर बोर्गे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एकट्यानं पियानो वाजवत लोकांना हसवू लागले होते. त्या कार्यक्रमाचे ८४९ प्रयोग झाले.

पु. ल. १९५५ मध्ये आकाशवाणीत रुजू झाले, तेव्हा तिथे पेटीला बंदी होती. १९४० मध्ये घातलेली ही बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली. पुलंची बोटं मात्र मैफलींत आणि मित्रांच्या बैठकींत पेटीवर फिरतच राहिली.

मग १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आली. बोर्गेंसारखाच इथेही एकटा नट अख्खी चाळ उभी करी. प्रत्येक बिऱ्हाडाचा आवाज वेगळा, बोलण्याची लय वेगळी. हशा कुठे येणार आणि तो ओसरेपर्यंत किती थांबायचं, हे त्यांना समेइतकं नेमकं ठाऊक असे. त्यांच्या विनोदामागे हा वादकाचा कान होता.

प्रयोगांतून मिळालेला पैसा पु. ल. आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी समाजाला परत दिला. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, ते त्यांच्याच देणगीच्या आधारानं.

विद्यार्थ्यांनो, पुलंच्या ध्वनिफिती जरूर ऐका. आणि पालकांना एक कळकळीची विनंती: मूल दहावीत गेलं म्हणून त्याचा पेटी-तबल्याचा क्लास बंद करू नका.