जुनी गाडी घेताय? आधी एवढं तपासा

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात जुलै २०२२ मध्ये पुराचं पाणी घरादारांत शिरलं होतं. कुठल्याही पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. म्हणून जुनी गाडी, मग ती ऐटदार स्पोर्ट्स कार का असेना, घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसला, तर व्यवहार तिथंच थांबवा.

गाडी दारात आली की इंजिन ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदलून घ्या. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल, तर आतून गंज धरतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते साधारण दोन वर्षांनी बदलावं. टायमिंग बेल्ट कंपनीने दिलेल्या मुदतीत बदला. तो तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि खर्च हाताबाहेर जातो.

टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली, तरी जुनं रबर कडक होतं आणि रस्त्यावरची पकड कमी होते.

तेव्हा बिघाडाची वाट पाहू नका. प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा, पावत्या जपून ठेवा.